तुम्ही विचारलंत म्हणून: चैत्रात मी रेतीवर का उतरत नाही

"काहून वो मॅडम, आता रेतीवर नाही उतरत तुम्ही?"

हे मला डांगरवाडीवाल्या, म्हणजे उन्हाळ्यात नदीच्या रेतीत डांगराचे वेल लावणाऱ्या, बायांनी विचारलं, शाळेतल्या पालकांनी विचारलं, नागपूरहून कॅमेरे घेऊन येणाऱ्या पोरांनी विचारलं. नणंद तर दर वर्षी न चुकता विचारते. आजवर मी ऊन लागतं, गुडघा दुखतो, असं काहीबाही सांगत आले. गुडघा दुखत नाही. यंदा माझ्या लेकाने विचारलं आणि त्यालाही मी ऊनच सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून आता एकदाचं सांगते, म्हणजे पुन्हा कोणी विचारलं तर हेच वाचायला देता येईल.

आमच्या गडचिरोली जिल्ह्यातली, वडसा-आरमोरीकडची वैनगंगा नदी ज्यांनी पाहिली आहे त्यांना चैत्रातलं पात्र काय असतं ते सांगायला नको. पाणी एका बाजूला सरकलेलं, मधे रेतीची लांबच लांब बेटं, काठावर पळस सरत आलेला आणि मोह वेचणाऱ्या बाया पहाटेच टोपल्या घेऊन निघालेल्या. समुद्र आम्हाला लांब. आमच्या पोरांचा किनारा म्हणजे हाच. मी लग्न होऊन आले त्या वर्षी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला पहिल्यांदा रेतीवर नेलं आणि नदी सुरय हा पक्षी दाखवला. डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, लाल पाय, दुभंगलेली लांब शेपटी. पाण्यावर एका जागी पंख हलवत थांबायचा आणि दगड पडावा तसा खाली सुटायचा. मामाजींना त्याचं पुस्तकातलं नाव ठाऊक नव्हतं. ते त्याला नुसतं 'आपला मासेवाला' म्हणायचे. पुढे मी दुर्बीण घेतली, नावं शिकले, वही केली. पण खरं शिक्षण त्यांच्या मागे मागे अनवाणी चालण्यात झालं, हे मला कबूल आहे. आणि म्हणूनच हे सगळं इतकं अवघड आहे.

तर २०१९. लोकसभेचं मतदान आमच्याकडे ११ एप्रिलला झालं. माझी ड्युटी आतल्या केंद्रावर होती, थकून परतले होते. नंतरच्या आठवड्यातल्या रविवारी नणंद पोरांना घेऊन आली आणि म्हणाली, चल वहिनी, तुझे पक्षी दाखव. मला इतका आनंद झाला! घरात माझ्या या नादाला कोणी कधी हसलं नाही, पण कोणी आपण होऊन 'चल' म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती. तांदळाच्या भाकरी, जवसाची चटणी, कांदे, कॅनभर आंबील. आम्ही सगळे मिळून नऊ जण. आठच्या सुमारास घोटाभर पाणी ओलांडून मधल्या बेटावर गेलो.

बेटावर पाय ठेवला आणि सुरय उठले. एक, दोन, मग दहा-बारा. ओरडत डोक्यावरून झेपावायचे आणि वळून पुन्हा यायचे. पोरं खिदळत खाली बसायची. नणंद म्हणाली, बघ, स्वागत करतात आपलं. मला ठाऊक होतं ते स्वागत नाही. जवळ घरटी असली की सुरय असंच करतात. मला ठाऊक होतं, आणि तरी मी तिला दुरुस्त केलं नाही, कारण सगळे खुशीत होते. मी एवढंच म्हटलं की पायाखाली बघून चाला. आणि स्वतः पुढे होऊन घरटी शोधली.

घरटं म्हणजे काय, रेतीत टाचेने करावा तेवढा खळगा. काडी नाही, गवत नाही. आत तीन अंडी, मातकट-हिरवट, तपकिरी ठिपक्यांची. नजर जरा हलली की पुन्हा सापडायची नाहीत इतकी रेतीत मिसळलेली. मी पोरांना पाच पावलांवर उभं करून दाखवली. हात लावू दिला नाही. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, तिने वहीत चित्र काढलं. सात घरटी मोजली आम्ही त्या टोकाला. मग मी, मोठी जाणकार असल्यासारखी, सगळ्यांना तिथून तीस-पस्तीस पावलं दूर नेलं. एका सोडून दिलेल्या डांगरवाडीचा मांडव उभा होता, त्याच्या सावलीत आम्ही सतरंजी टाकली. मला वाटलं, एवढं अंतर पुष्कळ झालं. कशाला धक्का लावला नाही, कशावर पाय दिला नाही, कचरा पिशवीत भरला.

साडेनऊ ते बारा आम्ही तिथे बसलो होतो. अडीच तास.

सुरय खाली उतरले नाहीत. मी पाहत होते. दर थोड्या वेळाने मनात यायचं, अजून बसले नाहीत, आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, बसतील, सवय होईल. आपण तर गप्प बसलोय. भाकरी संपल्या, आंबील झाली, नणंदेच्या पोराने गाणं म्हटलं. मामाजी तेवढे दोनदा उठून मांडवाबाहेर जाऊन आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "सुनबाई, चला आता." मी म्हटलं, पाच मिनिटं. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला.

निघताना मी चपला हातात घेतल्या होत्या आणि मांडवाच्या सावलीतून बाहेर पाय टाकला तर तो ठेववेना. तेव्हा मला कळलं. तळपायातून वर डोक्यापर्यंत कळलं. मी पळत त्या घरट्यांकडे गेले. अंडी जशीच्या तशी होती. मामाजी मागून आले, वाकून खळग्याच्या कडेच्या रेतीला बोटं लावली आणि काढून घेतली. बोलले काही नाहीत.

मी परिसर अभ्यास शिकवते. पक्षी अंड्यांवर बसून ऊब देतात, हे वाक्य मी किती वर्गांपुढे म्हटलं असेल. अंडी उबवायच्या मशीनमध्ये कोंबडीच्या अंड्यांना साडेसदतीस अंश लागतात, हेही सांगायचे. आणि आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी हवाच बेचाळीसला जाते, रेतीचं तर विचारायला नको, हेही मला माहीत होतं. पण दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. चैत्रातल्या दुपारी सुरय अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. पाण्यावर जाऊन पोट भिजवून येतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो, ती गार ठेवायला. हे मी दुर्बिणीतून कित्येकदा पाहिलं होतं आणि वहीत 'आंघोळ' असं लिहिलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगता येत नाही. रोज संध्याकाळी मी आणि मुलगी काठावरच्या दरडीवर बसून दुर्बीण लावायचो. सुरय परत आले होते, सातही घरट्यांवर बसले होते. मला वाटलं, वाचलं सगळं. मुलीने वहीत सात चौकोन आखले आणि रोज त्यात खूण करू लागली. सुरयाची अंडी सुमारे तीन आठवड्यांत फुटतात. बेटाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्यापासून लांब, काही घरट्यांत पिल्लं निघाली. रेतीच्याच रंगाची, दोन दिवसांत पळायला लागलेली. आमच्या टोकाला काही नाही. मे उजाडला, तीन आठवडे होऊन गेले, आणखी दिवस गेले. ते पक्षी बसलेलेच. दुपारी जाऊन पोट भिजवून यायचे आणि बसायचे. नर आणि मादी आळीपाळीने बसतात, दिसायलाही सारखेच, पण मुलगी प्रत्येकाला 'ती'च म्हणायची. एके दिवशी तिने विचारलं, "आई, ती कधी उठणार?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती दरडीवर आली नाही. वही मात्र माझ्या उशाशी आणून ठेवली होती.

हे झालं कारण. आता तुमचं म्हणणं मला पाठ आहे, तेही मांडते.

तुम्ही म्हणता, रेतीचे ट्रॅक्टर रोज पात्रात उतरतात, टिप्पर अख्खं बेट उचलून नेतात, तिथे तुमच्या एका जेवणाचं काय घेऊन बसलात. खरं आहे. गोसीखुर्द धरणाचं पाणी सोडलं की एका रात्रीत खालची बेटं ओली होतात, खळगे वाहून जातात. गावातली कुत्री रेतीवर हिंडतात. जगातल्या संकटात असलेल्या प्रजातींच्या यादीत नदी सुरय आता 'असुरक्षित' म्हणून नोंदला आहे तो काही माझ्या सतरंजीमुळे नाही. आणि त्या सात घरट्यांचं जे झालं ते आमच्यामुळेच झालं, हे मी कोणापुढे सिद्ध करू शकत नाही. ऊन त्या वर्षी कडक होतंच. नवऱ्याने मला हे सगळं समजावलं, कितीदा तरी. तो चुकीचं बोलत नाही.

पण ट्रॅक्टरवाला 'मला पक्षी आवडतात' म्हणत नाही. मी म्हणत होते. पुढे मी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचला, तेव्हा कळलं की पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं हे त्यात शिकारीच्या व्याख्येतच धरलं आहे. शिकार! भाकरी खात, गाणी म्हणत. तो शब्द वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते.

डांगरवाडीवाल्यांवर मी बोट दाखवते असं कोणी समजू नये. ते ढिवर, म्हणजे मासेमार, लोक पिढ्यान्‌पिढ्या या रेतीवर राबतात, तो त्यांचा हक्क आहे. आमच्या ओळखीचे एक काका घरटं दिसलं की भोवती चार काड्या रोवतात, पाणी घालताना पाय पडू नये म्हणून. त्यांच्या वाडीजवळ सुरय निवांत बसलेले मी पाहिले आहेत. त्यांना जमतं ते आम्हाला का जमलं नाही? ते पहाटे काम उरकून भर दुपारी झोपडीत आडवे होतात म्हणून? की पक्षी त्यांना ओळखतात म्हणून? मी यावर पुष्कळ विचार केला आहे, आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी येऊन थांबले आहे.

कॅमेरेवाल्या पोरांना एवढंच सांगते: घरट्याची जागा मी सांगणार नाही. रागावू नका. तुमच्यातले बरेच जण माझ्यापेक्षा जपून वागतात, हे मी पाहिलं आहे. पण जागा एकाला सांगितली की एकाची राहत नाही. दरडीवर या, उजाडायच्या आत या, माझी दुर्बीण घ्या. सुरय मासा धरून जोडीदाराला भरवतो ते तिथूनही दिसतं. ऊन चढायच्या आत आपण सगळे घरी.

आता जे मी कोणाला सांगितलं नाही ते. मामाजी २०२२ मध्ये गेले. शेवटची तीन वर्षं त्यांनी मला एकदाही रेतीवर चला म्हटलं नाही. स्वतःही गेले नाहीत. मी जात नाही म्हणून ते गेले नाहीत, की त्यांनाही ते बोटं भाजणं विसरता आलं नाही, हे मी विचारायला हवं होतं. ज्या माणसाने मला नदी दिली त्याची नदी मी बंद केली का?

मुलगी आता नागपूरला शिकते. मागच्या सुट्टीत ती मला म्हणाली, "आई, तू स्वतःला शिक्षा करतेस, आणि सोबत आम्हालापण." मी चिडले. म्हटलं, तूच तर दरडीवर यायची थांबलीस. ती म्हणाली, मी अकरा वर्षांची होते गं. त्यावर मला काही बोलता आलं नाही.

आणि लेक. तो तेव्हा सहा वर्षांचा होता, आता तेरा. पौष-माघात घरटी नसतात तेव्हा आम्ही रेतीवर जातो, चक्रवाकाच्या जोड्या पाहतो. पण चैत्रातली रेती त्याला आठवत नाही. सुरय त्याने दुर्बिणीतून पाहिलाय, डोक्यावरून झेपावताना, त्याच्या पंखांचा वारा कानाला लागताना नाही. तो वारा मला लागला नसता तर मी आज ही वही ठेवली असती का? २०१९ च्या आधीची मी आज समोर आली तर म्हणेल, पोराला ने, त्याशिवाय तो नदीचा होणार नाही. आणि तिला मी काय सांगू? सात चौकोन दाखवीन. ती म्हणेल, लांबून ने, थोडा वेळ ने, सकाळी ने. ती काही खोटं बोलणार नाही. मीच तिच्यावर विश्वास ठेवायला तयार नाही, कारण तिने मला पाच मिनिटं म्हणून अर्धा तास बसवलं होतं.

गेल्या आठवड्यात लेकाने हट्टच धरला. बेटावर नको, या काठाच्या पाण्यापर्यंत तरी जाऊ. मी सूर्य पार झाडांमागे जाईपर्यंत थांबवलं. मग चपला दरडीवर काढून आम्ही उतरलो. रेती अजून कोमट होती. तो माझ्या पावलांवर पाऊल ठेवून चालत होता, कोणी न सांगता. दहा-बारा पावलं गेलो असू, तर उजवीकडून टिटवी उठली. टिटीव-टिव्ह करत आमच्या भोवती फिरायला लागली. तो जागच्या जागी थिजला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आलो त्याच पावलांवर आम्ही मागे फिरलो, दरडीवर चढलो, बसलो. टिटवी थोडी चालली, थांबली, पुन्हा चालली आणि एका ठिकाणी दिसेनाशी झाली.

"बसली," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "उद्या अजून थोडं उशिरा येऊ?"

मी अजून हो म्हटलेलं नाही.