मावशीसाठी समुद्रासमोरचं घर शोधताना

गेल्या डिसेंबरात माझा मावसभाऊ कोल्हापूरहून सगळ्या घरच्यांना घेऊन गोव्यात आला, बुकिंग त्याने स्वतःच ऑनलाइन केलेलं, आणि आम्हाला फोंड्याला फोन केला तो चेक-इन झाल्यावर. पहिलंच वाक्य, "ताई, फोटोत तर समुद्र अगदी दारात होता गं, इथे कुठाय?"

फोटो खोटा नव्हता. ड्रोनने वरून काढलेला होता आणि वरून बघितलं तर घर आणि समुद्र चिकटूनच दिसतात. मधे रस्ता होता, पार्किंग होतं, आणि त्याच्यापुढे एक खाडीचा ओहोळ होता ज्याच्यावर पूलच नव्हता, म्हणजे वाळूवर जायचं तर दीड किलोमीटर वळसा. त्यात शेजारी रात्री एक-दीडपर्यंत स्पीकर, खरं तर दहानंतर स्पीकरला बंदी आहे पण सुट्टीवर आलेला माणूस कुठे पोलिसांना फोन करत बसणार. दुसऱ्या दिवशी नळाचं पाणी गेलं, टँकर आला नाही. माझी मावशी अडुसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, ती तीन दिवस खोलीतच बसून होती. गोव्यात येऊन तिने एकदाही समुद्राच्या पाण्यात पाय घातला नाही, हे मला इतकं लागलं की परत असं होऊ द्यायचं नाही हे मी तेव्हाच ठरवलं.

यंदा भावाने आधीच सांगितलं, ताई तूच बघ, बजेट थोडं वाढलं तरी चालेल, फक्त शांत पाहिजे, आणि एखादं बेट वगैरे असेल तर बेस्ट, दिवाडी बेटाचे रील्स बघतोय मी.

आता दिवाडी म्हटलं की मी हळवी होते. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत चढायचं, पायी जाणाऱ्याला तिकीटही नाही, आणि काही मिनिटांत पलीकडे उतरलं की दोन्ही बाजूंना खाजन शेतं (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली), त्यातून सरळ गेलेला रस्ता, बगळे, पुढे टेकडीकडे चिऱ्याची जुनी घरं आणि त्यांचे ते बल्कांव, म्हणजे दारापुढचे बसायचे कट्टे, संध्याकाळी म्हातारी माणसं तिथे बसलेली असतात. राहायला फार सुंदर गाव आहे. पण हे बेट मांडवी नदीतलं आहे. काठाला चिखल आणि खारफुटी, वाळूचा कणही नाही. चोडणचंही तेच, तिथे लोक सलीम अली अभयारण्यात पक्षी बघायला जातात. समुद्रातल्या बेटांपैकी अंजदीव नौदलाकडे आहे आणि ग्रँड आयलंडला डायव्हिंगसाठी नेतात नि संध्याकाळच्या आत परत आणतात. म्हणजे बेटही पाहिजे आणि दारात बीचही पाहिजे असं गोव्यात जमत नाही, दोनातलं एक निवडावं लागतं. भावाला हे सांगितलं, तो थोडा हिरमुसला, मग म्हणाला मग बीच बघ, आईला पाण्यात पाय बुडवायचेत.

कळंगुट-बागा, कांदोळी, हणजूण हे मी विचारातसुद्धा घेतलं नाही. मांद्रे-मोरजी मला आवडतात पण सीझनमध्ये तिथला रस्ता बघवत नाही. म्हणून मी आणि माझे मिस्टर एका रविवारी सकाळी सहाला निघालो ते थेट दक्षिण गोव्यात, काणकोणला. करमल घाटात गाडी वळायला लागली की मला तिथूनच सुट्टी लागल्यासारखी वाटते.

पहिलं आगोंद. किनारा लांबच लांब, पाळोळेपेक्षा गर्दी खूपच कमी, आणि कॉटेजेस अक्षरशः वाळूवर, खाटेवर पडल्या पडल्या लाट दिसते. तिथे एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते ती सांगते. सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे, नियम 1991 पासून आहेत आणि गावाकडच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून 200 मीटरपर्यंत साधारणपणे नवीन पक्कं बांधकाम करता येत नाही. म्हणून ही कॉटेजेस लाकडाची, बांबूची, दर वर्षी पावसाळा संपला की परवाना घेऊन उभी करायची आणि पावसाआधी उतरवायची. म्हणजे खरंखुरं वाळूवरचं घर गोव्यात एकतर असं सीझनपुरतं असतं किंवा गावातल्या कुणाचं तरी जुनं, आजोबा-पणजोबांच्या काळातलं. कुणी तुम्हाला पाण्याला लागून अगदी नवाकोरा काँक्रीटचा व्हिला दाखवला तर शांतपणे कागद विचारा, कारण उद्या त्याला सील लागलं तर तुमचं बुकिंग आणि ॲडव्हान्स दोन्ही अडकणार.

आगोंदचं कॉटेज मला स्वतःसाठी लगेच आवडलं असतं. पण चढायला सहा लाकडी पायऱ्या, कठडा नाही, आणि बाहेर पाऊल टाकलं की भुसभुशीत कोरडी वाळू. गुडघे केलेल्या माणसाला कोरडी वाळू म्हणजे शिक्षा. मी तिथे मावशी होऊन चालून बघितलं, हळूहळू, आणि मिस्टरांना म्हटलं नाही, पुढे जाऊ.

पुढे म्हणजे तळपण आणि गालजीबागच्या बाजूला. एकीकडे तळपण नदी, दुसरीकडे गालजीबाग नदी, समोर समुद्र, तीन बाजूंनी पाणी, भावाच्या बेटाच्या हौसेला याच्यापेक्षा जवळचं काही मला माहीत नाही. किनाऱ्याला सुरूची झाडं, वाऱ्याने त्यांचा सतत सूं सूं आवाज, आणि त्यांच्या मागे माडांचं भाट, म्हणजे बाग. त्या भाटातलं घर आम्हाला ओळखीतून कळलं होतं. कौलारू, पुढे तुळस, बाजूला विहीर, दोन खोल्या भाड्याने देतात, मागच्या बाजूला घरची मंडळी स्वतः राहतात. घरमालकीण काकी साठीच्या असतील. आम्ही आत जाऊन बाथरूम, गाद्या बघायच्या आधी त्यांनी विहिरीवर नेलं, कळशीने पाणी ओढलं आणि तांब्या पुढे केला, "बाय, बांयचें उदक, पियेवन पळय." म्हणजे विहिरीचं पाणी, पिऊन बघ.

पाणी गोड होतं. समुद्राच्या इतकं जवळ हे गृहीत धरायचं नसतं, उन्हाळ्यात उपसा वाढला की किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात आणि मग सगळा कारभार टँकरवर. मी विचारलं, काकी, एप्रिलमध्ये कसं असतं? त्या म्हणाल्या मे महिन्यात थोडं खाली जातं पण डाळ शिजते. बस्स, मला उत्तर मिळालं. खारट नि जड पाण्यात तुरीची डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी बोटाला लागते हे स्वयंपाक करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. घर बघायला गेलात तर स्विमिंग पूल आहे का हे नंतर विचारा, डाळ कशाच्या पाण्यात शिजवता ते आधी विचारा.

मग मी दारापासून पाण्यापर्यंत पावलं मोजली. अंगणातून सुरूच्या झाडांपर्यंत 85, सपाट मातीची वाट, तिथे सुरूच्या सुयांचा थर पडलेला, पाय घसरत नाही आणि रुततही नाही. पुढे कोरडी वाळू 30 पावलं. मग ओली, घट्ट वाळू. ती 30 पावलं मावशीला भाऊ आणि वहिनी हात धरून नेतील, तेवढं जमेल. घरातून समुद्र दिसत नाही हे मी भावाला स्पष्ट सांगितलंय, फक्त ऐकू येतो. लिस्टिंगवर याला कुणी बीचफ्रंट म्हणणार नाही कदाचित. पण मला विचाराल तर मधे जी झाडं आहेत तीच त्या घराची सगळ्यात मोठी सोय आहे, वारा अडतो, वाळू घरात येत नाही, आणि उजेड समुद्राकडे जात नाही.

उजेडाचं मी मुद्दाम लिहितेय. आगोंद, गालजीबाग, मोरजी, मांद्रे हे किनारे ऑलिव्ह रिडले कासवांचे आहेत, हिवाळ्यात माद्या रात्री वर येऊन वाळूत अंडी घालतात, वनखात्याची माणसं ती जागा जाळी लावून राखतात, आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. पिल्लं अंधारात समुद्रावरची हलकी चमक बघून पाण्याकडे जातात. किनाऱ्यावर कुणी हॅलोजन लावला की ती उलटी फिरतात, रस्त्याकडे, कुत्र्यांकडे. म्हणून आम्ही काळोख होईपर्यंत थांबलो. घर दिवसा सगळेच बघतात, रात्री कसं आहे ते कुणी बघत नाही आणि झोपायचं तर रात्रीच असतं ना. साडेसातला काकींनी पडवीतला एकच पिवळा बल्ब लावला, तोही आतल्या बाजूच्या तुळईला टांगलेला, समुद्राकडच्या भिंतीवर दिवाच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या पहिल्यापासून तसंच आहे, सासूबाई लावू द्यायच्या नाहीत. आम्ही पडवीत बसून राहिलो, सुरूचा आवाज, खाली लाट, लांबून कुठूनतरी भजनाची पेटी. स्पीकर नाही. मला खरंच भरून आलं, गोव्यात राहून मी असा काळोख किती दिवसांनी बघत होते.

बाकीच्या चौकशा भराभर झाल्या. इन्व्हर्टर आहे, फॅन-लाइट चालतात, एसी नाही. कमोड आहे, भिंतीला धरायला दांडा नव्हता तो काकींचा मुलगा बसवून देणार आहे. पर्यटन खात्याकडे नोंदणी केलेली आहे, प्रमाणपत्र बघितलं, 1982 च्या कायद्याने गोव्यात पर्यटकांना खोली द्यायची तर ही नोंदणी लागते, घरगुती होमस्टे असला तरी. आरोग्य केंद्र चावडीला, म्हणजे काणकोणच्या बाजारगावात आहे पण मोठं काही झालं तर मडगाव, आणि मधे घाट, म्हणून मावशीची बीपीची औषधं जास्तीची आणायला सांगितली. रात्री टॅक्सी चटकन मिळेल असं धरून चालू नका, भाऊ स्वतःची गाडी आणतोय. आणि पोहायचं तर पाळोळेला जायचं, जिथे 'दृष्टी' कंपनीचे जीवरक्षक असतात, नदीच्या मुखाजवळ पाण्याला ओढ असते तिथे गुडघ्याच्या वर जायचं नाही. हे मी भाच्याकडून फोनवर दोनदा वदवून घेतलं.

तारखा मात्र मी भावाच्या ऑफिसच्या सुट्टीवरून ठरवल्या नाहीत, तिथीवरून ठरवल्या. आमच्या आजोबांचं गणित, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, तास-अर्धा तास इकडेतिकडे. पौर्णिमेला पंधरा तिथी म्हणजे सव्वाअकराला पूर्ण भरती, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी सगळ्यात मागे गेलेलं असेल, ऊन उतरलेलं आणि ओली घट्ट वाळू लांबपर्यंत पसरलेली. मावशीला चालायला तीच वेळ पाहिजे. अष्टमीला आले असते तर सहाला भरती, पाणी कोरड्या वाळूला टेकलेलं आणि चालायला घट्ट जागाच नाही. म्हणून माघ शुद्ध त्रयोदशीला येतायत आणि पौर्णिमा करून जातायत. समोर सूर्य बुडत असेल तेव्हा मागे माडांमधून चंद्र वर येत असेल.

काल मावशीचा फोन आला. समुद्राबद्दल काहीच विचारलं नाही, म्हणाली, तुझ्या त्या काकींना सांगून ठेव, आंबेमोहोर आणि घरची तूरडाळ मी इकडून आणतेय, बांगडे तेवढे त्यांनी बघावेत.