पुतण्या येणार आहे

२०११ ला माजलगावहून औरंगाबादला एमए करायला आलो, पॉलिटिकल सायन्स. मामा म्हणले, "ते शिकून काय करायलास, डीएड कर गप." असो. औरंगपुऱ्याच्या मागं रूम बघितली, काकूंनी चहा पाजला, भाडं ठरलं, कॉट कुठं टाकायची ते पण ठरलं आणि मग "पूर्ण नाव सांगा की". सांगितलं. काकू आत गेल्या, बाहेर येऊन म्हणल्या, पुढच्या महिन्यात आमचा पुतण्या येणार आहे हो. त्या आठवड्यात असे तीन घरचे पुतणे शिकायला येणार होते.

शेवटी नागसेनवनाकडं एका मित्राच्या रूमवर पथारी टाकली. त्याच वर्षी लायब्ररीत राल्फ बंच सापडला, अमेरिकेतला काळा राज्यशास्त्रज्ञ. तोवर अमेरिकेतला वंशवाद म्हणलं की मार्टिन ल्युथर किंग, एवढंच डोक्यात.

हा गडी डेट्रॉइटचा. आई लवकर गेली, लॉस एंजेलिसला आजीनं वाढवला. कॉलेजात झाडलोट करत शिकला अन १९२७ ला पहिला आला. हार्वर्डला जायला पैसे नव्हते तर तिथल्या काळ्या समाजातल्या बायांनी हजार डॉलर जमवून दिले, हे वाचलं आणि मला आमच्या गल्लीतल्या जयंतीच्या वर्गणीची पावतीबुकं आठवली. १९३४ ला राज्यशास्त्रात पीएचडी, अमेरिकेत या विषयात ती मिळवणारा पहिला काळा माणूस. शिकवायला मात्र वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, काळ्यांच्या (हार्वर्ड नाही हां, मी पण चुकलो होतो), तिथं राज्यशास्त्राचा विभाग त्यानंच उभा केला. १९३६ ला वंश या विषयावर छोटं पुस्तक लिहिलं, त्यात त्याचं म्हणणं असं की रंगाच्या भांडणाखाली खरं भांडण पोटाचं असतं. मला हे अर्धंच पटतं. काकूंना भाडं मिळणारच होतं की.

पुढं स्वीडनचे अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्दाल यांच्या अमेरिकेतल्या काळ्यांवरच्या मोठ्या अभ्यासासाठी तो अमेरिकेच्या दक्षिणेत फिरला. मत द्यायचं तर आधी पोल टॅक्स भरा, नाव नोंदवायला गेलं की कारकून काय वाट्टेल ते विचारणार, हे सगळं टिपून घेणाऱ्या माणसाला स्वतःला तिथल्या गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळायची नाही.

नंतर संयुक्त राष्ट्रांत गेला, १९४९ ला अरब-इस्रायल युद्धबंदीचे करार घडवून आणले, १९५० ला त्यासाठी शांततेचं नोबेल. मधे राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात मोठं पद देऊ केलं तर नको म्हणला, वॉशिंग्टनमधला भेदभाव नको होता त्याला.

पण मला खरं आवडतं ते १९५९ चं. न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सच्या टेनिस क्लबात पोराला मेंबर करायचं होतं, फोन केला तर क्लबच्या अध्यक्षानं सांगितलं की काळे आणि ज्यू आम्ही घेत नाही. नोबेलवाल्याला! बातमी फुटली, बोंबाबोंब झाली, अध्यक्षाला राजीनामा द्यावा लागला, क्लबनं माफी मागून मेंबरशिप देऊ केली. बंचनं घेतली नाही. म्हणला, ही माझ्या नावामुळं मिळतेय, सगळ्यांना सारखं वागवता म्हणून नाही.

आता मी कॉलेजात शिकवतो. मागच्या वर्षी सिडकोत फ्लॅट बघताना एजंटनं नाव ऐकलं, जरा थांबला, मग मालकाला फोन लावून आला आणि हसत म्हणला, "तुमचं वेगळंय हो सर, तुम्ही प्रोफेसर."

मला लगेच तो टेनिस क्लब आठवला. तरी टोकन देऊन आलो. पोरीची शाळा तिथनं पाच मिनिटावर आहे.