पॅडवर काळं आलं

गाडी काळी सेडान, मुलुंडच्या सोसायटीतल्या एका काकांची. वॉचमन रोज टँकरच्या पाण्यानं धुवायचा आणि उन्हात तशीच सुकू द्यायचा. टँकरचं पाणी बहुतेकदा बोअरचं, जड. बॉनेटवर पांढरे गोल डाग खोल उतरले होते. व्हिनेगरनं वरचा क्षार गेला, पण खळगे राहिले, म्हणून कंपाउंड करायचं, म्हणजे घासणारी पेस्ट लावून मशीनच्या पॅडनं वरचा थर थोडा उतरवायचा ठरलं.

रंगाची जाडी मोजणाऱ्या गेजवर बॉनेटच्या मधोमध ११८ मायक्रॉन, कडेला ९०. गेज सगळ्या थरांचा मिळून एकच आकडा देतं. त्यातला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४० धरायचा. पॉलिशिंग मशीन नवंकोरं, रोटरी, म्हणजे पॅड नुसतं गोल फिरवणारं. खोक्यावर १४०० वॅट आणि ३५०० आरपीएम ठळक छापलेले, किंमत निम्मी.

अर्धं बॉनेट झालं आणि मशीन चालवणारा आमचा पोरगा ओरडला, "दादा, पॅडवर काळं आलं!"

क्लिअर कोटवर घासताना पॅडवर गाडीचा रंग येत नाही. आला म्हणजे क्लिअर कोट संपला. कडेच्या वळणावर बोटभर पट्टा मेला होता.

पोराचा हात चुकला, असं सगळ्यांचं मत. मी डायल एकवर ठेवून पॅड दाबून पाहिलं. मशीन गुरगुरत बंद पडायला आलं, आणि उचलताच किंचाळलं. लोडवर वेग धरून ठेवणारं सर्किटच नव्हतं त्यात! सपाट भागात वेग पडतो, म्हणून माणूस डायल वाढवतो. कडेवर अर्धं पॅड हवेत जातं, लोड सुटतो, वेग उसळतो, आणि तोही नेमका रंग पातळ असतो तिथे. ड्युअल ॲक्शन, म्हणजे फिरता फिरता डुलणाऱ्या मशीनचं पॅड जास्त दाबलं की फिरायचं थांबतं. रोटरी थांबत नाही, रंग तापवत राहते. कडांना मास्किंग टेप नव्हती, ती चूक मात्र आमचीच. काकांना सरळ सांगितलं आणि बॉनेट आमच्या खर्चानं रंगवून दिलं.

मग दुसरं मशीन घ्यायला नागदेवी स्ट्रीट, मुंबईतला अवजारांचा बाजार. दुकानदाराचं वॅट-वॅट चालूच.

"शेठ, वॅट राहू द्या. सहाशे आरपीएमवर चालवून दाखवा."

पहिल्या मशीननं सुरू होतानाच हाताला हिसका दिला. दुसरं हळू उठलं. लाकडी फळीवर पॅड दाबलं, उचललं, तरी आवाज तोच राहिला. तेच घेतलं. स्पिंडल, म्हणजे फिरणारा दांडा, एम-१४ आट्यांचा, त्यामुळे पॅड बसवायची बॅकिंग प्लेट कुठेही मिळते. १५० मिमीच्या पॅडला १२५ची प्लेट लावली, ती डगमगत नाही ना ते पाहिलं. वजन सव्वादोन किलो. दरवाजे उभे घासायचे असतात, तेव्हा पाव किलोही मनगटाला कळतो. मोटरमध्ये झिजणाऱ्या कार्बन ब्रशची एक जोडी जास्तीची मागून घेतली. शेजारचा गिऱ्हाईक साध्या ग्रायंडरलाच पॅड लावायचं म्हणत होता. ११,००० आरपीएमवर! त्याला दोन शब्द सांगितले, त्यानं ऐकले की नाही देव जाणे.

काकांच्या गाडीचं डावं फेंडर या मशीनवर केलं, कडांना टेप लावून, फोम पॅडनं, १२०० आरपीएमवर. गेज आधी ११६, नंतर ११३.