दोन वाट्या

लोकांची आत्मचरित्रं शब्दांकित करून देणं हे माझं काम. माणूस बोलतो, मी रेकॉर्ड करते, घरी येऊन लिहिते. सालं हमखास चुकतात, म्हणून मी कागद मागते: रेशनकार्ड, बदलीचे हुकूम, मनिऑर्डरची कुपनं, जे असेल ते.

आप्पा त्या दिवशी 1972 च्या दुष्काळावर आले होते. ते मुंबईत गिरणीत, बायको-मुलं गावी. "पण दरमहा पन्नासची मनिऑर्डर कधी चुकवली नाही," ते म्हणाले. मी कुपनांचं विचारलं. आजी आतून लाल पाठीची वही घेऊन आल्या. हिशेबाची, त्यांच्याच अक्षरातली.

मिलो चार किलो. रॉकेल. खडीच्या कामाचा पगार. (अमेरिकेतून आलेली ती तांबडी ज्वारी, तिच्या भाकरीबद्दल आजी जे बोलल्या ते छापण्यासारखं नाही.) आणि लागोपाठ तीन महिने: 'म.ऑ. नाही.' त्याखाली, 'दोन वाट्या मोडल्या, 64 रु.'

"कुठल्या वाट्या?" आप्पांनी विचारलं.

आजींनी गळ्यातलं मंगळसूत्र नुसतं बोटानं उचललं. "ह्या पितळेच्या. तेव्हापासून."

आप्पांनी मला रेकॉर्डर बंद करायला सांगितला. तीन महिने पैसे का गेले नाहीत, ते त्यांना आठवेना. खोटं बोलत नव्हते, एवढं मी सांगू शकते.

मी वही चाळत बसले. अख्ख्या वहीत 'मी' नाही. दिले, आणले, मोडल्या. मराठीत कर्ता गाळला तरी वाक्य उभं राहतं, आणि बायकांनी ती सोय फार वापरली. रमाबाई रानड्यांच्या 1910 च्या आठवणींत तर 'स्वतः' म्हणजे नवरा, न्यायमूर्ती रानडे! पहिल्यांदा वाचताना मी चार पानं गोंधळले होते.

पुढच्या खेपेला आप्पांनी 'दरमहा' खोडून 'बहुतेक महिने' करायला लावलं. 'कधी चुकवली नाही' तेवढं राहू द्या म्हणाले. दोन्ही एका वाक्यात बसत नाही, हे समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी वहीचं ते पान फोटोसारखं छापू, असं ठरलं.

आजींनी एकच अट घातली. तळाशी उधारीवाल्या दुकानदाराचं नाव होतं, त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे झाका. त्याचा नातू अजून गावात आहे."

मी पान स्कॅन करताना तिथे कागदाची पट्टी ठेवली.