तुम्हा दोघींचं दुःख एकच ना?

पुण्याला आले की, किंवा इथे अमेरिकेत, अटलांटात मंडळाच्या कार्यक्रमात कुणी नवीन भेटलं की, माझ्या मैत्रिणीचा विषय निघतोच. ती कृष्णवर्णीय आहे. आम्ही एकाच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतो आणि आमची मुलं एकाच शाळेत शिकली. मग ठरलेला प्रश्न येतो: "वर्णद्वेष तुम्हालाही सोसावा लागतच असेल. म्हणजे तुम्हा दोघींचं दुःख एकच, नाही का?" विचारणाऱ्याच्या मनात आपुलकी असते, म्हणून उत्तरही नीट द्यावंसं वाटतं. एकच नाही. ते एकच आहे असं मी धरून चालले असते, तर ही मैत्री टिकली नसती.

माझ्या वाट्याला काहीच येत नाही असं नाही. दुकानात माझे उच्चार ऐकून समोरचा मोठ्या आवाजात, तोडून तोडून बोलायला लागतो, मी बहिरी असल्यासारखा. "कुठल्या तुम्ही?" असं विचारतात, "अटलांटाची" म्हटलं की "नाही, मुळातल्या कुठल्या?" हे रोजचं. पण कधीकधी खरी भीतीही वाटते. २२ फेब्रुवारी २०१७ ला कॅन्ससमधल्या ओलेथ गावी श्रीनिवास कुचीभोतला या भारतीय इंजिनिअरला एका बारमध्ये गोळ्या घालून मारलं. मारणारा "माझ्या देशातून चालते व्हा" असं ओरडत होता. त्या आठवड्यात ड्यूटी संपली की माझी मैत्रीण माझ्याबरोबर पार्किंगपर्यंत यायची. न सांगता.

तेव्हा आपल्या लोकांत एक गोष्ट वारंवार बोलली जात होती: मारणाऱ्याला वाटलं, श्रीनिवास इराणी आहेत. चुकून झालं. ११ सप्टेंबरनंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात बलबीरसिंग सोढींना त्यांच्याच पेट्रोलपंपावर गोळ्या घालून मारलं, तेव्हाही हेच: पगडी बघून मुसलमान समजले. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आणि बरोबर माणूस सापडला असता तर?"

त्या एका प्रश्नानं माझं बरंचसं कोडं सुटलं. आपल्यावर जे येतं त्याला आपण गैरसमज म्हणतो. आम्ही ते नव्हे, आम्ही शिकलेले आहोत, कागदपत्रं आहेत, कर भरतो. गैरसमज दूर झाला की सगळं ठीक होईल, अशी आपली आशा असते, आणि पुष्कळदा तसं होतंही. तिच्याकडे दूर करायला गैरसमजच नाही. ती कोण आहे हे ओळखूनच तिच्याशी तसं वागतात.

आलाबामातल्या मॅडिसन गावची सुरेशभाई पटेलांची हकिगत मी इथल्या प्रत्येक मराठी घरात सांगते. हे ५७ वर्षांचे गृहस्थ गुजरातमधून मुलाकडे आले होते, तान्ह्या नातवाला सांभाळायला. ६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी मुलाच्या घराजवळ फेरी मारत होते. एका शेजाऱ्यानं पोलिसांना फोन केला: कुणी सडपातळ काळा माणूस संशयास्पद फिरतोय. पोलीस आले. सुरेशभाईंना इंग्रजी येत नव्हतं. एका पोलिसानं त्यांना पाय घालून जमिनीवर आपटलं, मानेला जबर मार लागला आणि अंग लुळं पडलं. दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि शेवटी न्यायाधीशांनी त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. ज्या संशयानं सुरेशभाईंना आपटलं तो त्यांच्यासाठी नव्हताच. माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्यासाठी, भावासाठी, मुलासाठी होता. त्या एका सकाळी तो आपल्या माणसावर येऊन पडला.

तिचा मुलगा आणि माझा मुलगा एकाच वर्षी गाडी शिकले. माझ्या नवऱ्यानं आमच्या मुलाला गाडी रिव्हर्स कशी लावायची ते शिकवलं. तिनं तिच्या मुलाला शिकवलं की पोलिसानं थांबवलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे, लायसन्स काढायच्या आधी विचारायचं, आवाज चढवायचा नाही, अपमान झाला तरी गिळायचा. हे तिच्या आईनं तिच्या भावांना शिकवलं होतं. तरीही याचा भरवसा नाही हे तिला माहीत आहे. २०१६ मध्ये मिनेसोटात पोलिसानं गाडी थांबवल्यावर फिलँडो कास्टील या कृष्णवर्णीय माणसानं स्वतःहून, नम्रपणे सांगितलं होतं की माझ्याकडे परवान्याची बंदूक आहे. पुढच्या काही सेकंदांत तो पोलिसाच्या गोळ्या लागून कोसळला. आमच्याच जॉर्जियात २३ फेब्रुवारी २०२० ला अहमद आर्बरी हा पंचवीस वर्षांचा मुलगा धावायला गेला, तर तीन गोऱ्यांनी गाड्यांनी पाठलाग करून त्याला ठार मारलं. व्हिडिओ बाहेर येईपर्यंत दोन महिन्यांहून जास्त काळ कुणालाही अटक झाली नाही. तिचा मुलगा शाळेच्या टीमकडून धावायचा. त्या वसंतात तो सरावाला निघाला की ती गाडी घेऊन त्याच्या मागे जायची.

अटलांटाजवळ स्टोन माउंटन नावाचा मोठा खडक आहे. मराठी कुटुंबं तिथे डबे घेऊन सहलीला जातात, पाहुण्यांना दाखवतात. त्या खडकावर गुलामगिरी टिकवायला लढलेल्या तिघांची घोड्यांवरची भलीमोठी शिल्पं कोरलेली आहेत आणि १९१५ मध्ये कू क्लक्स क्लॅनची, म्हणजे काळ्यांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेची, पुन्हा स्थापना झाली ती त्याच माथ्यावर. माझी मैत्रीण तिथे कधीही येत नाही. मीही आता पाहुण्यांना नेत नाही. त्यांना ऑबर्न अव्हेन्यूवर नेते, मार्टिन ल्यूथर किंगचं घर आणि चर्च बघायला.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी लक्षात ठेवावी असं मला फार वाटतं. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, तेही वर्षाला शंभर जणांपुरतं. ते खरं उघडलं १९६५ च्या स्थलांतराच्या कायद्यानं. ते वर्ष कसलं होतं? मार्चमध्ये आलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीय मोर्चेकऱ्यांची डोकी पोलिसांनी फोडली, ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला, आणि ऑक्टोबरमध्ये आपल्याला येऊ देणारा. वंशावरून माणसं निवडणं लाजिरवाणं आहे हे त्या देशाला त्यांनी पटवलं म्हणून माझा व्हिसा. आपण मात्र म्हणतो, आम्ही हुशारीवर आलो. त्या कायद्यानं शिकलेल्यांनाही प्राधान्य दिलं, म्हणून डॉक्टर-इंजिनिअर आले, आणि मग त्यांच्याकडे बोट दाखवून काळ्यांना सांगितलं गेलं: बघा, हे कसे पुढे गेले! तिचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात लढून आले. गोऱ्या सैनिकांना सरकारी हमीवर घरासाठी कर्ज मिळालं, आजोबांना बँकेनं दारातूनच परत पाठवलं. त्या न मिळालेल्या घराची किंमत तिच्या पिढीपर्यंत पोचली आहे. मंडळात कुणी घर घेताना "तो एरिया नको", म्हणजे काळ्यांची वस्ती नको, असं म्हणतं, तेव्हा मी हे सगळं सांगते, मग जेवण थंड झालं तरी चालेल.

आमच्यात सगळं गोड आहे असंही नाही. तिच्या घरी एका चुलतभावानं माझ्या बोलण्याची नक्कल केली, तेव्हा तिनं त्याला सगळ्यांसमोर गप्प केलं. एकदा मी वैतागून म्हणाले, इथलं सगळं सोडून परत जावंसं वाटतं. ती शांतपणे म्हणाली, "तुला जायला जागा आहे." तिच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या जॉर्जियाच्या मातीत गेल्या. तिला परत जायला दुसरा देश नाही, आणि हाही पुरता तिचा मानला जात नाही.

मी तिला जोतीराव फुल्यांबद्दल सांगितलं. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहून त्यांनी ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे ऐकून तिला विश्वासच बसेना. कितीतरी वेळ विचारत राहिली. शेवटी म्हणाली, "तुझं घर कुठल्या बाजूला होतं?" मी सांगितलं: ओंजळीत वरून पाणी ओतणाऱ्यांच्या. तिनं मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. अजून विचारते आहे, आणि मी सांगते आहे.

डिसेंबरात ती माझ्याबरोबर पुण्याला येणार आहे. गंज पेठेतल्या वाड्यातला हौद तिला बघायचाय, जो फुल्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला. परवा आत्याचा फोन आला होता. जरा घुटमळत तिनं विचारलं, "ती आपल्याकडेच उतरणार का गं?"

"हो आत्या, आपल्याकडेच. आणि आपल्याच ताटात जेवेल."