एकाच चौकोनात खूण करा

४ नोव्हेंबर २००८. सकाळचे साडेसहा. पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटटाउनमध्ये एका फायर स्टेशनच्या दारात मी उभी होते. गळ्यात ओळखपत्र, हातात क्लिपबोर्ड, पायाशी पुठ्ठ्याची पेटी आणि पर्समध्ये फॉइलमध्ये गुंडाळलेले दोन धपाटे. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी ओबामा की मॅकेन, याचं मतदान सातला सुरू व्हायचं होतं, पण रांग केव्हाच आवाराबाहेर गेली होती. निम्म्या डोक्यांवर लाल टोप्या. फिलाडेल्फियाच्या बेसबॉल संघाने आठवडाभरापूर्वीच वर्ल्ड सिरीज जिंकली होती, त्यामुळे जिल्हा आधीच हवेत होता.

मला स्वतःला मत नव्हतं. चार वर्षं डिपेंडंट व्हिसावर घरात बसून काढली होती, त्या व्हिसावर नोकरी करता येत नसे. आदल्या वर्षी ग्रीनकार्ड आलं आणि मग मिळेल ते काम घ्यायचा मी सपाटा लावला. हे त्यातलंच एक. एक दिवसाचं, एक्झिट पोलचं.

एक्झिट पोल म्हटलं की टीव्हीवरचा आरडाओरडा आठवतो. त्याच्या मुळाशी मात्र दारात उभी असलेली माझ्यासारखी एखादी बाई असते. मतदान करून बाहेर पडणारा दर तिसरा माणूस गाठायचा. चौथा नाही, दुसरा नाही. तिसरा माणूस कितीही आठ्या घालून येत असला तरी त्यालाच विचारायचं. तो नाही म्हणाला तर अंदाजाने नोंद करायची: बाई की पुरुष, गोरा की काळा, तरुण की साठीपुढचा. हो म्हणाला तर त्याने फॉर्म स्वतः भरायचा, घडी घालायची, पेटीत टाकायचा. आम्ही डोकावायचं नाही, समजावायचं नाही, राजकारणावर अवाक्षर काढायचं नाही.

तिसऱ्या माणसाचा हा हट्ट २००४ मध्ये पोळल्यामुळे आला होता. त्या वर्षी दुपारीच आकडे फुटले, डेमोक्रॅट उमेदवार केरी पुढे असल्याची आवई उठली आणि रात्री बुश जिंकले. नंतर शोध घेतल्यावर दिसलं की केरीचे मतदार फॉर्म भरायला जास्त राजी होते, आणि जिथे फॉर्म देणारे तरुण होते किंवा दारापासून लांब उभे होते तिथे घोळ मोठा होता. फोनवरच्या प्रशिक्षणात आम्हाला हे घोकून घोकून सांगितलं होतं. तरी हसऱ्या चेहऱ्याकडे पाय आपोआप वळतातच. मी पहिल्या तासात दोनदा स्वतःला आवरलं.

भीती आणखी एक होती. १९८२ मध्ये लॉस एंजेलिसचे काळे महापौर टॉम ब्रॅडली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाला उभे राहिले, पाहण्यांमध्ये पुढे होते आणि हरले. गोरे लोक विचारणाऱ्याच्या तोंडावर एक सांगतात आणि पडद्याआड दुसरं करतात, असा अर्थ त्यातून काढला गेला. ओबामाही काळे, म्हणून तो सगळा शरद ऋतू टीव्हीवर हेच दळण चाललं होतं. आणि इथे फॉर्म पुढे करणारी मी, सावळी, उच्चारांवरून लगेच परकी कळणारी. म्हणून तर ती घडी आणि ती पेटी.

माझ्या फॉर्मवर एक प्रश्न होता. ओबामा निवडून आले तर तुम्हाला काय वाटेल? पुढे चार चौकोन: उत्साह वाटेल; आशा वाटेल, पण उत्साह नाही; काळजी वाटेल, पण भीती नाही; भीती वाटेल. एकाच चौकोनात खूण करा. मराठीत केला असता तर पाचवा चौकोन काढावा लागला असता, ‘धाकधूक’. दहावीच्या निकालाच्या सकाळी घरात जे काही असतं, ते.

लेव्हिटटाउनमध्ये त्या दिवशी तेच होतं. हे गाव म्हणजे विल्यम लेव्हिट यांनी १९५२ पासून साच्यातून काढल्यासारखी बांधलेली सतरा हजारांवर घरं. पलीकडे फेअरलेसचा पोलादाचा कारखाना, युनियनची माणसं, बापजाद्यांपासून डेमोक्रॅट. पण त्याच पेनसिल्व्हेनियाने एप्रिलच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, ओबामांना हरवून हिलरी क्लिंटनना निवडलं होतं. छोट्या गावातली माणसं कडवट होऊन बंदुका आणि धर्माला कवटाळून बसतात, असं काहीसं ओबामा त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत बोलून गेले होते. ते इथे कुणी विसरलं नव्हतं. मग सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली, निवृत्तीच्या खात्यांतले पैसे डोळ्यांदेखत आटले आणि लोकांची मनं हलली. हलली म्हणजे बसली असं नाही.

दहाच्या सुमारास सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ आले. लाल टोपी, हातांवर जुन्या भाजल्याचे पांढरे चट्टे. पोलादवाले असणार हे विचारावं लागलं नाही. फॉर्म घेतला, भिंतीला टेकून भरायला लागले आणि त्या प्रश्नाशी थांबले. पेन पहिल्या चौकोनावर गेलं, तिसऱ्यावर गेलं, परत वर आलं.

“दोन केल्या तर चालेल का?”

मी पढवलेलं वाक्य म्हटलं, “तुम्हाला योग्य वाटेल तसं भरा.”

“मत त्यालाच दिलंय मी,” ते म्हणाले. ऐकायचं नसतं, पण कान कुठे बंद करणार? “पोरगा हुशार आहे. पण चार वर्षंसुद्धा झाली नाहीत सिनेटमध्ये. माझ्या भट्टीवर चार वर्षांच्या माणसाला मी फोरमन केला नसता.”

मग त्यांनी स्वतःच दुसरा विषय काढला. १९५७ च्या ऑगस्टमध्ये लेव्हिटटाउनमध्ये पहिलं काळं कुटुंब राहायला आलं, मायर्स. लेव्हिट घरं फक्त गोऱ्यांना विकत असे. मायर्स पतिपत्नींनी ते घर आधीच्या मालकाकडून घेतलं होतं. त्यांच्या घरासमोर रात्रीमागून रात्री जमाव जमला, दगड आले, खिडकी फुटली, राज्याच्या पोलिसांना यावं लागलं. हे मी आधी वाचलं होतं. पण समोरचा माणूस म्हणाला, “माझा बाप त्या गर्दीत होता. मी त्याला शोधायला गेलो होतो, जेवायला बोलवायला.” एवढंच. फॉर्मची घडी घातली, पेटीत टाकला आणि पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बराच वेळ इंजिन न लावता बसून राहिले.

त्यांनी कुठे खूण केली ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पेटीत निळ्या पेनाचे सगळे फॉर्म सारखेच.

दुपार सामान्य गेली. एका मुलीने पहिल्यांदा मत दिलं होतं. कोटावरच्या ‘आय व्होटेड’ स्टिकरचा फोटो तिने माझ्याकडून काढून घेतला आणि आमच्या बोटावरच्या शाईची गोष्ट ऐकून हेवा केला. एक बाई मॅकेन यांना मत देऊन आली होती आणि ‘तो दुसरा आला तरी मी रडणार नाही’ असं न विचारता सांगून गेली. एकाने मला ‘तू इथली आहेस का?’ असं विचारलं. मी त्याची नकारात नोंद केली: पुरुष, गोरा, मध्यमवयीन. धपाटे उभ्याउभ्याच संपले.

चारनंतर हॉस्पिटलची पाळी संपवून एक काळी नर्स आली. अंगात जांभळा युनिफॉर्म, पायात पांढरे बूट, खिशाला लावलेलं जांभळ्या शाईचं पेन. माझं पेन तिने परत केलं. “आजच्या दिवशी माझंच वापरते.” झरझर भरत गेली. हसत होती, अगदी गाल दुखेपर्यंत. त्या प्रश्नाशी आली आणि हसू तसंच राहून डोळे भरले.

“मला उत्साह आहे,” ती म्हणाली, “आणि भीतीही आहे. त्याची नाही. त्याच्यासाठी.”

मी काहीच बोलले नाही. नियम होता म्हणून, आणि बोलण्यासारखं काही नव्हतं म्हणूनही. ओबामांना मे २००७ मध्येच, म्हणजे पहिलं मत पडायच्या कितीतरी आधी, सीक्रेट सर्व्हिसचं संरक्षण मिळालं होतं. इतक्या लवकर ते कुठल्याच उमेदवाराला दिलं गेलं नव्हतं. तिला हे माहीत असणारच. तिच्या आईला १९६८ आठवत असणार, मार्टिन लूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांचं वर्ष.

दिवसातून तीनदा फोनवरून फॉर्म वाचून दाखवायचे असत. शेवटचा फोन सातला. गाडीत दिवा लावून, मांडीवर गठ्ठा घेऊन मी आकडे सांगत होते आणि पलीकडे एक तरुण पोरगी कीबोर्डवर टकटक करत होती. जांभळ्या शाईचा फॉर्म आला.

“प्रश्न अमुक?”

“एक आणि चार.”

“एकच सांगा.”

“दोन खुणा आहेत.”

“मग कोरं धरते. पुढचा?”

मी गप्प बसले. त्या चौथ्या चौकोनात दिवसभर कोणकोण गेलं होतं ते मला दिसत होतं. ओबामांना घाबरणारे सगळे तिथे होते. तिथेच एक खूण ओबामांसाठी घाबरणारीची होती. एकच खूण केली असती तर ती त्यांच्यात मोजली गेली असती, त्यापेक्षा कोरं बरं. असा हिशोब मी त्या अर्ध्या सेकंदात केला की नंतर, कोण जाणे. दोन खुणांचे फॉर्म त्या दिवशी माझ्याकडे एकूण तीन निघाले. तिन्ही कोरे.

घरी पोचले तेव्हा पाय ठणकत होते. थोड्याच वेळात पेनसिल्व्हेनिया ओबामांना गेल्याचं टीव्हीने सांगितलं, अकराला सगळं संपलं. शिकागोच्या ग्रँट पार्कमधली गर्दी दिसत होती, नवरा सोफ्यावर उभा राहिला होता. मी साताऱ्याला फोन लावला. तिथे सकाळचे साडेनऊ. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त मास्तर. उभा जन्म निवडणुकीच्या ड्युट्या केलेले. ओबामा त्यांना नको होते, कामाचं ऐकायचं होतं. मी दोन खुणांचं सांगितलं.

“दोन शिक्के? बाद,” अण्णा लगेच म्हणाले. मग थोडं थांबून, “आमच्याकडे मोजणीला एकदा एक मतपत्रिका निघाली होती. सगळ्या चिन्हांवर शिक्का. एकसुद्धा सोडलं नव्हतं. अगदी नीट, चौकटीच्या मधोमध.”

“कुणाची असेल?”

“कुणाला ठाऊक. सगळे दारात येऊन हात जोडून गेले असतील, नाही कुणाला म्हणवलं नसेल. टेबलावरचे आम्ही सगळे हसलो.”

“मग काय केलंत तिचं?”

“काय करणार? बादच्या गठ्ठ्यात घालून सुतळीने बांधली.” पलीकडे कपबशी वाजली. “ते राहू दे. तुझ्या बूथवर किती टक्के झालं?”

मला माहीत नव्हतं. मी फक्त तिसरा माणूस मोजत होते.

“दिवसभर दारात उभी राहिलीस,” अण्णा म्हणाले, “आणि टक्केवारी घेतली नाहीस?”