घरातला एकच मोबाइल

दिवाळी सरली की आमच्या धारूर तालुक्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात आणि पुढचे चार-पाच महिने माझ्या वर्गातली बरीच मुले आजी-आजोबांच्या भरवशावर राहतात. आई-वडील बटणांचा फोन सोबत नेतात आणि घरातला स्मार्टफोन मुलाकडे ठेवून जातात, कारण पीक विम्याचा अर्ज, पीएम किसानची ई-केवायसी, बँकेचे संदेश हे सगळे त्याच्यावर येते आणि ते वाचता येणारा घरात तोच एकटा असतो. म्हणजे ज्या चौदा वर्षांच्या मुलाला आपण इंटरनेटवर जपून राहायला सांगतो, तोच घराच्या बँकखात्याचा राखणदार असतो.

गेल्या वर्षी शाळेत इंटरनेटवरच्या फसवणुकीपासून सावध कसे राहायचे, या विषयावर एक व्याख्यान झाले. पाहुण्यांनी शिक्षेची कलमे वाचून दाखवली, मुले घाबरून बसली आणि त्याच संध्याकाळी आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एका गुरुजींनी ‘मोफत रिचार्ज’ची लिंक पुढे ढकलली. (नाव सांगत नाही, ते अजून माझ्याशी बोलतात.) तेव्हापासून आठवीला हा विषय मीच शिकवतो.

पहिल्या दिवशी फळ्यावर दोनच ओळी लिहिल्या : ‘लग्नपत्रिका.पीडीएफ’ आणि ‘लग्नपत्रिका.एपीके’. टिंबाच्या पुढे काय आहे ते बघा, एवढेच सांगितले. पहिली वाचायची फाइल आहे आणि दुसरी मोबाइलमध्ये बसणारे ॲप. ते बसवून मागेल ती परवानगी दिली की आपल्याला येणारे संदेश, त्यांतल्या ओटीपीसह, परस्पर तिसऱ्याच्या हाती पडतात. ‘पण सर, पत्रिका तर मामाच्या नंबरवरून आली होती,’ असे एकाने विचारले, आणि नेमकी तीच मेख आहे : मामाचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो. यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे मात्र मुलांना पाच मिनिटांत पटले. किराणा दुकानात ती रोज तेच बघतात.

अवघड भाग पुढेच होता. एका मुलीने स्टेटसला ठेवलेला गॅदरिंगचा साधा फोटो कोणीतरी उचलला, त्यात घाणेरडे फेरफार करून तिलाच पाठवला आणि पैसे मागितले. अकरा दिवस ती कोणाशी बोलली नाही. तिला त्या अनोळखी माणसापेक्षा घरच्यांची भीती जास्त वाटत होती : मोबाइल जाईल, मग शाळा जाईल आणि उन्हाळ्यात लग्न उरकतील. आमच्या भागात ही भीती पोकळ नाही. म्हणून माझ्या मते पहिला धडा पालकांना द्यायला हवा, आणि मी पालक सभेत एकच शब्द मागितला : मुलाने येऊन सांगितले तर मोबाइल काढून घ्यायचा नाही. बरीच कुजबुज झाली, एका आजोबांनी उघड विरोधही केला, पण बहुतेकांनी मान डोलावली.

मुलांना मग क्रम पाठ करून घेतला. पैसे द्यायचे नाहीत, घाबरून संदेश पुसायचे नाहीत, स्क्रीनशॉट ठेवून मगच ब्लॉक करायचे आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगायचे. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा, कारण रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते ती सुरुवातीच्या काही तासांतच. स्त्रिया आणि मुलांबाबतच्या अशा प्रकारांची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही करता येते. लहान मुलांची अश्लील चित्रे बनवणे किंवा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे, आणि पहिल्याच खेपेला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दोष फोटोतल्या मुलीचा नसतो, हे मी वर्गात तीनदा सांगितले.

मार्चअखेरीस तोडीवरून परतलेला एक बाप शाळेत आला, तोच तक्रारीच्या सुरात. कारखान्याजवळच्या सेवा केंद्रात ई-केवायसी करताना त्याने मुकादमाच्या फोनवरून घरी मुलाला ओटीपी विचारला होता.

‘मास्तर, पोरगं बापालाच ओटीपी देईना. आधी आपल्या गाईचं नाव सांगा म्हणतंय.’

‘मग सांगितलंत का?’

‘सांगितलं की. रांगेतली समदी हसली.’